दिवसाला तीनशे रुपयांत कर्नाटक-तमिळनाडूत नीट जेवता येते का?

आपण दोघे दहा दिवस फिरणार आहात, जेवणासाठी माणशी रोजचे तीनशे रुपये ठेवले आहेत आणि बिस्किटांवर दिवस काढायचे नाहीत, असे आपण लिहिले आहे. मी हुबळी, हंपी, बंगळूर आणि मदुराई असा प्रवास जवळपास एवढ्याच पैशांत केला आहे. त्यावरून सांगतो की तिकडे चांगले आणि स्वस्त अन्न गल्लोगल्ली आहे, मात्र त्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

सकाळी इडली-वडा किंवा पोंगल (तांदूळ आणि मूगडाळीची मऊ खिचडी), दुपारी साधारण बारा ते तीन भाताचे जेवण, म्हणजे 'मील्स', आणि संध्याकाळी पुन्हा डोसा-इडली, असा तिथला क्रम आहे. तो चुकला की खिशाला चाट बसते. हंपीला विठ्ठल मंदिरातला दगडी रथ पाहता पाहता मला चार वाजले, साधी जेवणे संपली होती, आणि पर्यटकांसाठी चालवलेल्या एका उपाहारगृहात पनीरची गोडसर लाल भाजी व दोन नान खाऊन मी दिवसभराच्या तरतुदीपेक्षा जास्त पैसे मोजून बाहेर पडलो. तेव्हापासून दुपारचे जेवण आधी आणि देऊळ नंतर, असा नियम मी केला.

हुबळी-धारवाडकडे 'खानावळी' अशी पाटी शोधावी. शब्द आपलाच आहे आणि जेवणही फारसे परके नाही. ज्वारीच्या भाकरीला तिथे रोट्टी म्हणतात. ती मऊही मिळते आणि पापडासारखी कडकही, आणि तिच्यासोबत एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, एखादी उसळ, शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी आणि दही येते. कडक रोट्टी हाताने मोडून दह्यात कालवलेल्या शेंगाचटणीबरोबर खाल्ली, तर भाजीची वाट पाहावीशी वाटत नाही.

मदुराईत केळीच्या पानावर भाताचा ढीग पडतो, आणि आपली माणसे तो सगळा सांबारातच संपवतात. तसे करू नये. भाताचे तीन वाटे मनाशी धरावेत. पहिला सांबाराला, दुसऱ्याला मधोमध आळे करून त्यात रसम घ्यावे (पानावर ते धावत सुटते, म्हणून हात तयार ठेवावा), आणि तिसरा ताकासाठी राखावा. भूक बेताची असेल तर 'अळवु साप्पाडु', म्हणजे मोजके जेवण मागावे. ते पोटभर जेवणापेक्षा स्वस्त पडते.

बंगळुरात दर्शिनी पद्धतीची उपाहारगृहे आहेत. आधी पैसे भरून कुपन घ्यायचे आणि उभ्यानेच खायचे, त्यामुळे दर आवाक्यात राहतात. तिथे कॉफी 'बाय टू' सांगितली की एकाच कॉफीचे दोन पेले मिळतात आणि कोणी नाक मुरडत नाही.

सरकारी स्वस्त भोजनालयेही आहेत. तमिळनाडूत अम्मा उणवगम २०१३ मध्ये एक रुपयाच्या इडलीने सुरू झाले, तर बंगळुरात इंदिरा कॅन्टीन २०१७ मध्ये पाच रुपयांचा नाश्ता आणि दहा रुपयांचे जेवण घेऊन आले. रोजंदारीवर जाणाऱ्यांच्या त्या रांगेत तीनशे रुपये बाळगणाऱ्याने रोज उभे राहू नये असे मला वाटते, पण हे माझे मत झाले.

रेल्वेप्रवासाच्या पहिल्या दिवसासाठी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी घरूनच न्यावी. परतीच्या गाडीसाठी मात्र मदुराईतून दुपारच्या जेवणाचे एक पार्सल घ्यावे. आम्हा दोघांना ते एकच पुरले, आणि रसमची पिशवी तर शेवटी शेजारच्या प्रवाशाला द्यावी लागली.