एकच बर्थ, अनोळखी जोडीदार : वाचकांचे प्रश्न

लांब पल्ल्याच्या ट्रकवर ऐनवेळी चढलेल्या डबल ड्रायव्हरबरोबर, म्हणजे पाळीपाळीने गाडी चालवणाऱ्या दुसऱ्या चालकाबरोबर, रात्र कशी काढायची, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. २०१८ पर्यंत नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या) अवजड गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवणं नियमानेच बंधनकारक होतं. ती अट गेली, पण माल घाईचा असला की मालक अजूनही दुसरा माणूस देतात, आणि तो बहुधा नाक्यावर पहिल्यांदाच भेटतो.

*कळंबोलीहून दिल्लीला निघताना मालकाचा फोन येतो, "नाक्यावर एक जण उभा आहे, त्याला घे." नाव आणि मोबाइल नंबर यापलीकडे काही माहीत नसतं. दहा मिनिटांत काय काय तपासावं?*
— चालक, पनवेल

आधी लायसन्स, आणि त्याचा फोटो चालणार नाही. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲप त्याच्याच मोबाइलवर उघडायला सांगा. त्यात मुदतीच्या दोन तारखा असतात, एक नॉन-ट्रान्सपोर्टची आणि एक ट्रान्सपोर्टची. तुम्हाला दुसरी हवी. ती पाच वर्षांचीच असते, नूतनीकरण राहून जातं, आणि माणूस लांबची तारीख दाखवून मोकळा होतो. घातक मालाचा टँकर असेल तर त्या प्रशिक्षणाची नोंदही बघा. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८० मालकाइतकंच गाडीचा ताबा असलेल्यालाही लागतं : तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. रस्त्यात ताबा तुमचा असतो, हे विसरू नका.

मग तीन प्रश्न. शेवटचं कधी झोपलास? अशी गाडी आधी चालवली आहेस का, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा) वापरता येतो का? आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत? सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी झापड येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा उपाशी राहिला तर त्याचे हात थरथरायला लागतात. स्वतःचं आधी सांगितलंत तर समोरचाही मोकळेपणाने बोलतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर "आज सकाळीच दुसरी गाडी खाली केली" असं आलं, तर पहिली पाळी त्याला द्यायची नाही. आमच्या मते लायसन्सइतकाच महत्त्वाचा हा प्रश्न आहे आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. चोर जोडीदार क्वचित भेटतो, न झोपलेला मात्र हमखास भेटतो.

लायसन्सचा फोटो मालकाला आणि घरी पाठवा, पण त्याच्यासमोर, आणि तुमचाही त्याला पाठवू द्या. दारूचा वास आला तर वाद न घालता मालकाला फोन लावा. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. "एकच क्वार्टर घेतली" म्हणणारा ती केव्हाच ओलांडून गेलेला असतो.

झोपून उठलेला असेल तर पहिला तास त्यालाच चालवू द्या आणि तुम्ही शेजारच्या सीटवर जागे राहा. पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवतो, उतारावर गिअरात येतो की नुसता ब्रेक दाबत राहतो, मोबाइल हातात घेतो का, एवढं पाहा. त्या तासाभरात मोबाइल हातात घेणाऱ्याच्या मागे बर्थवर (सीटमागच्या झोपायच्या फळीवर) झोपायचं नाही.

*मालक म्हणतात, दोघं आहात तर मुंबई–दिल्ली ३६ तासांत गाडी लागली पाहिजे. जोडीदार सहा-सहा तासांच्या पाळ्या मागतो. मला तर चालत्या गाडीत झोपच लागत नाही.*
— चालक, शिरपूर

हिशेब कागदावर करून मालकाला दाखवा. अंतर साधारण १,४०० किलोमीटर. ३६ तासांत पोचायचं तर टोल, जेवण, डिझेल, काहीही न थांबता ३९ किलोमीटरची सरासरी सलग राखावी लागेल. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने माप घालून दिलं ते दिवसाला ८ तासांचं, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीचं. दोघांचे मिळून १६ तास, ताशी ४० ने ६४० किलोमीटर. म्हणजे दोन दिवस पूर्ण आणि वर तीन तास. दोन ड्रायव्हर दिले म्हणून चोवीस तास चाक फिरतं, हे गणित फक्त ऑफिसात जुळतं.

पाळी चार तासांची ठेवा. सहा तासांच्या पाळीत शेवटचा दीड तास वाया जातो. माणूस डोळे उघडे ठेवून चालवतो, पण टोलची लेन चुकते, साइड पट्टीवर चाक जातं. रात्री २ ते ५ हा शरीराचा सगळ्यात मंद काळ, तो दोघांनाही सारखाच लागू. त्या वेळात गाडी उभी करता आली तर उत्तम. नाहीच जमलं, तर ती पाळी ज्याची आधी चार-पाच तास सलग झोप झाली आहे त्याच्याकडे द्या. "मला रात्रीची सवय आहे" म्हणणाऱ्याकडे नको.

अदलाबदलीची घाई करू नका. गाढ झोपेतून उठलेल्याचं डोकं ताळ्यावर यायला वीस-तीस मिनिटं लागतात. गाडी थांबवायची, खाली उतरायचं, तोंड धुवायचं, चहा घ्यायचा. चहाचा अंमलही अर्ध्या तासानेच चढतो, म्हणून तो आधी घ्यायचा. मग टॉमीने (लोखंडी दांड्याने) टायर ठोकत गाडीला एक फेरी. उतरणाऱ्याने चार गोष्टी सांगायच्या : ब्रेकची हवा कशी भरते आहे, डिझेल आणि ॲडब्लू (धूर स्वच्छ करणारं द्रव) किती, कुठल्या टायरवर नजर ठेवायची, माल किंवा ताडपत्री सरकली आहे का. घाटाच्या तोंडाशी पाळी बदलू नये. आग्रा रोडने जात असाल तर कसारा आणि बिजासन दोन्ही वाटेत आहेत. घाट ज्याने सुरू केला त्यानेच उतरवायचा.

राहिला झोपेचा प्रश्न. झोपायच्या आधीचे पाच तास चहा बंद, जेवण अर्धपोटी, डोळ्यांवर गमछा, कानात कापसाचे बोळे, बर्थचा पडदा ओढलेला. बर्थला जाळी किंवा पट्टा असेल तर तो लावा. नसेल तर बसवून घ्या, कारण करकचून ब्रेक लागला की झोपलेला माणूस थेट गिअर लिव्हरवर येतो. टॉमी, जॅक, स्टोव्ह बर्थवर ठेवू नका, त्यांची जागा टूलबॉक्समध्ये. पहिल्या रात्री अनोळखी हातांवर भरवसा नसल्याने झोप लागत नाही, त्यात वावगं काही नाही. पण मग पाळी आली की "झोप झाली नाही" असं स्पष्ट सांगा आणि गाडी उभी करा. नुसतं पडून राहिलेले चार तास झोपेत धरायचे नसतात.

*गाडी उभी करून दोघांनीही झोपायचं तर बर्थ एकच. जोडीदार एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवतो. मी खाली, चाकांच्या मध्ये सावलीला झोपतो. हे बरोबर आहे का?*
— चालक, जालना

खाली झोपणं आजपासून बंद करा. तुम्ही खाली आहात हे जोडीदाराला माहीत असलं तरी पहाटे पोलिसाने काठी आपटली, मागच्याने हॉर्न दिला की तो अर्धवट झोपेत सेल्फ मारून गाडी पुढे घेतो. शिवाय एअर ब्रेकची गाडी उतारावर नुसत्या गिअरवर सोडलेली असेल तर तीही सरकते. ढाब्याची बाज घ्या, केबिनमध्ये दोन सीटवर फळी टाका, बंद ट्रॉलीत जागा असेल तर तिथे झोपा. कुठेही झोपलात तरी हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड नाही तर लाकडी गुटका, आणि चावी केबिनबाहेर झोपणाऱ्याच्या खिशात.

इंजिनाबद्दल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड मालगाड्यांना एसी केबिन सक्तीचं झालं, त्यामुळे हा प्रश्न वाढणारच. उभ्या गाडीचं इंजिन तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल खातं, पण खरी भीती धुराची. सायलेन्सरच्या जाळीच्या पाइपला चीर असेल किंवा गिअर लिव्हरखालचं रबर फाटलेलं असेल, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्याला वास नसतो. पाइपच्या जोडाभोवती काळी काजळी दिसली तर दुरुस्त होईपर्यंत इंजिन चालू ठेवून झोपू नका. भिंतीला लागून, शेडखाली किंवा दुसऱ्या चालू गाडीच्या सायलेन्सरसमोर गाडी लावू नका. केबिनमध्ये शेगडी, स्टोव्ह, कोळसा कधीच नको, थंडीत राजस्थानात तर मुळीच नको. दोघांचंही डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळलं, तर ते जेवणाने नव्हे असंच धरून चाला. दोन्ही दारं उघडा, खाली उतरा, इंजिन बंद करा, आणि चक्कर जात नसेल तर दवाखाना गाठा.

इंजिन बंद ठेवून पंखा चालवता येतो. २४ व्होल्टचा २० वॉटचा पंखा आठ तासांत सहा-सात अँपिअर-तास खातो. चांगल्या बॅटऱ्यांना ते काहीच नाही. सकाळी सेल्फ मारत नाही त्याचं कारण बहुधा वेगळं असतं : कुणीतरी १२ व्होल्टचा पंखा किंवा चार्जर दोनपैकी एकाच बॅटरीवरून जोडलेला असतो. मग ती बॅटरी कायम अर्धी भरलेली राहते, दुसरीत चार्ज जास्त जाऊन पाणी उडतं, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. डासांसाठी खिडकीला वेल्क्रोची जाळी लावा आणि दोन्ही काचा चार बोटं खाली ठेवा. कॉइल गादीजवळ पेटवू नका, केबिनमधल्या रेक्झिनला आग लागायला ठिणगीही पुरते.

*जोडीदार बदलत राहतात, गादी तीच. आता बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला खाज सुटली आहे, रात्री जास्त.*
— चालक, सोलापूर

लक्षणं खरजेची वाटतात. डॉक्टरांना दाखवून खात्री करा. नेहमीचा उपाय म्हणजे ५ टक्के परमेथ्रिन. रात्री मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे लावायचं, नखांखालीसुद्धा, आठ ते चौदा तासांनी धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. घरच्यांनी आणि सध्याच्या जोडीदाराने त्याच दिवशी लावलं नाही तर खरूज परत येते. चादर, उशी, गमछा गरम पाण्यात. गादी धुता येत नसेल तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून आठवडाभर वापरायची नाही. औषधानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते, म्हणून रोज लावत बसू नका. यापुढे गादीवर रेक्झिनचं कव्हर, आणि चादर-उशी ज्याची त्याची.

जोडीदार दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल, तापत असेल, तर काचा उघड्या ठेवा आणि त्याला सरकारी दवाखान्यात पाठवा. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत.

*जोडीदाराच्या पिशवीत डोड्याची (अफूच्या बोंडांच्या भुशाची) पुडी दिसली. तो वाटेत सवारीही घेतो. काय करावं?*
— चालक, धुळे

पुडीला हात लावू नका आणि फेकूही नका. वर्दळीच्या पंपावर थांबा, मालकाला फोन करा, जोडीदाराला त्याच्या पिशवीसह उतरवा. पुडी नसून पोतं असेल तर सरळ पोलिसांना, ११२ वर फोन. माहीत असून गाडी वापरू दिली असं ठरलं तर अमली पदार्थांचा कायदा तुम्हालाही लागतो आणि गाडी जप्त होते. सुरुवातीपासूनच बॅगा वेगळ्या आणि नाव घातलेल्या ठेवा. बिल्टी (मालाची पावती), फास्टॅगचा मोबाइल आणि वाटखर्चाची रोकड एकाच माणसाकडे.

सवारी नकोच. मालगाडीत फुकट किंवा पैसे देऊन बसलेल्या माणसाला विमा मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस तेवढा चालतो. अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि मालक कुणाकडून वसूल करतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

*माझा मुलगा १९ वर्षांचा, क्लीनर आहे. नवा ड्रायव्हर रात्री अंगचटीला येतो असं त्याने चाचरत सांगितलं. नोकरी जाईल म्हणून तो गप्प आहे.*
— पालक, अहिल्यानगर

त्याला आजच उतरवून घ्या. चालत्या गाडीत भांडायचं नाही. टोल नाक्यावर किंवा पंपावर गाडी थांबली की बॅग घेऊन उतरायचं आणि तिथल्या माणसांत जाऊन बसायचं. ११२ ला फोन करून गाडीचा नंबर सांगायचा. हायवेवरची मदत १०३३ वर मिळते. मग तुम्ही मालकाशी बोला, तोंडी नको, मेसेजवर. मुलाला एवढंच सांगा की यात त्याची काही चूक नाही.

*जोडीदाराने इंजिनाचा बेल्ट बघायला केबिन पाडली, म्हणजे पुढे झुकवली, आणि पुढची काच फुटली. खर्च कुणाचा?*
— चालक, कोल्हापूर

खर्चाचं मालक ठरवतील. काच का फुटली ते सांगतो. बर्थवरचा पाण्याचा कॅन केबिन झुकताच काचेवर येऊन आदळतो. केबिन पाडण्याआधी जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, बर्थ आणि डॅशबोर्ड रिकामे, दारं लावलेली, पुढे मोकळी जागा. केबिन उचलायचा पंप मारत ती पूर्ण पुढे जाऊ द्यायची, अर्ध्यावर ठेवून खाली डोकं घालायचं नाही, आणि अडकण (केबिन खाली येऊ न देणारा टेकू) असेल तर ती लावायची. परत बसवताना दोन्ही कुलपं लागल्याचा आवाज ऐका, मीटरमधला केबिनचा दिवा विझला का बघा. आणि पंपाला हात घालण्याआधी पडदा सरकवून बर्थवर कुणी झोपलेलं नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. नव्या जोडीदाराला हाक मारून भागत नाही, कारण त्याच्या कानात कापूस असतो.