जुनी गेम-डिस्क विकणं गुन्हा नाही, भाड्याने देणं मात्र आजच थांबवा

प्रश्न : साताऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तीन वर्षांपासून कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राच्या, जुन्या गेम-डिस्कही ठेवतो. पोरं खेळून झालेली डिस्क मला विकतात, थोडा नफा धरून मी ती पुढे विकतो. काही डिस्क दिवसाला साठ रुपये भाड्यानेही जातात. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने २,२०० रुपयांना डिस्क नेली. डब्यावर 'जादा भागासह' असं छापलेलं होतं आणि आत कोडची चिठ्ठी होती. तो कोड आधीच्या मालकाने वापरून टाकलेला निघाला. मूळ गेम चालतो, जादा भाग उघडत नाही. तो वेगळा घ्यायचा तर कंपनी १,५०० रुपये मागते. मला खरंच याची कल्पना नव्हती. पावतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का असल्याने मी पैसे दिले नाहीत. आता वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत पैसे परत द्या, वर २५,००० रुपये भरपाई द्या, नाहीतर फसवणुकीची तक्रार करू. डब्यामागे पुनर्विक्रीला आणि भाड्याने द्यायला मनाई छापलेली आहे, तेव्हा तुमचा धंदाच बेकायदा आहे, असंही त्यात म्हटलंय. पोरं सांगतात, पुढे कन्सोल जुन्या डिस्क घेणारच नाहीत. मी काय करू?

उत्तर : तुम्ही पोलिसांकडे तक्रार होईल या धमकीने घाबरला आहात. मला मात्र तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली, ती म्हणजे दिवसाला साठ रुपये भाडं. त्याकडे येते, आधी विक्रीचं बघू.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दहावी-बारावीची जुनी पुस्तकं वर्षानुवर्षं विकली जातात आणि त्यासाठी कुणी प्रकाशकाची परवानगी मागायला जात नाही. एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा उरत नाही. नवी प्रत काढण्याचा हक्क तेवढा त्याच्याकडे राहतो. गेम हा कायद्याच्या भाषेत संगणक प्रोग्राम, आणि त्याच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नव्हती. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये १९९४ साली दुरुस्ती झाली. प्रोग्रामची प्रत विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाचाच, मग ती प्रत आधी विकली गेलेली असली तरीही, असे शब्द त्यात आले. ते शब्द राहिले असते तर तुमचं कपाट खरोखरच अडचणीत आलं असतं. १९९९ च्या दुरुस्तीने 'आधी विकली गेलेली असली तरीही' हा भाग काढून टाकला.

'विकण्याचा' हा शब्द मात्र कलमात अजून आहे, आणि समोरचे वकील त्यावरच बोट ठेवतील. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या २ मार्च २०२१ च्या निकालात मिळतं. तो खटला आयकराचा होता. परदेशी सॉफ्टवेअरसाठी मोजलेले पैसे रॉयल्टी धरायचे की नाही, एवढाच वाद होता. पण तो सोडवताना न्यायालयाने याच कलमाचा इतिहास तपासला, १९९९ मध्ये गाळलेल्या शब्दांना महत्त्व दिलं आणि सांगितलं की या तरतुदीचा रोख प्रोग्रामच्या नकला काढून त्या पुढे देण्यावर आहे. तुम्ही नक्कल काढत नाही. कंपनीने स्वतः विकलेली अस्सल डिस्क तुम्ही पुढे देता. डब्यावर काहीही छापलं म्हणून कायद्याने दिलेली मोकळीक आकसत नाही. तेव्हा 'धंदाच बेकायदा' या आरोपाला घाबरू नका. फक्त कपाटात एकही कॉपी केलेली डिस्क नाही, याची स्वतः खात्री करून घ्या.

आता भाडं. १९९९ नंतरही व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क कलमाने कॉपीराइटच्या मालकाकडेच ठेवला आहे. अपवाद आहे तो जिथे प्रोग्राम हा भाड्याचा मुख्य विषय नसतो तिथे, म्हणजे आत चिप असलेलं एखादं यंत्र भाड्याने दिलं तर. तुमच्याकडून डिस्क नेणारा मुलगा गेमसाठीच पैसे देतो. गेममधल्या चित्रफितीला सिनेमा मानलं तरी सुटका नाही, कारण सिनेमाच्या प्रतीसाठीही तसाच भाडेहक्क आहे. पूर्वी गल्लोगल्ली व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळायच्या, त्यामुळे यात काही वावगं असेल असं आपल्याला वाटत नाही, हे मी समजू शकते. पण कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाखांचा दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. साठ रुपयांसाठी ही जोखीम घेऊ नका. आजपासून भाडं बंद करा आणि दुकानाबाहेर भाड्याची पाटी असेल तर तीही उतरवा.

गिऱ्हाइकाच्या तक्रारीबद्दल मी तुमची बाजू पूर्णपणे घेणार नाही. तो खोटं बोलत नाहीये. डब्यावर 'जादा भागासह' लिहिलेलं, आत चिठ्ठी, आणि हातात निम्मीच वस्तू. डिस्क ही वस्तू असते, ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. कोड एकदा टाकला की पहिल्या मालकाच्या खात्याला चिकटतो आणि तिथून सुटत नाही. हा फरक विकणाऱ्याने सांगायला हवा, आणि तुम्ही दुकानदार आहात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुन्या मालाच्या विक्रीलाही लागू होतो. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. तुमचा तो शिक्का ग्राहक आयोगापुढे टिकणार नाही, तो फेकून द्या. गिऱ्हाइकाला सातारा जिल्हा आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, इतक्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तुम्ही हरण्याचीच शक्यता जास्त.

फसवणुकीचा गुन्हा मात्र वेगळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ साठी व्यवहाराच्या वेळीच फसवण्याचा हेतू असावा लागतो. कोड वापरलेला आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तेव्हा हा दिवाणी आणि ग्राहक हक्काचा वाद ठरतो. पण आता तुम्हाला ठाऊक झालंय. यापुढे न सांगता असा डबा विकलात तर 'मला कल्पना नव्हती' हे वाक्य तुमच्या कामाला येणार नाही. कुणी कुलूप तोडून जादा भाग उघडून देतो म्हणालं तर त्याच्याही नादी लागू नका, तो मार्ग कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ कडे, म्हणजे डिजिटल कुलूप तोडण्याच्या गुन्ह्याकडे जातो.

पोरं म्हणतात त्यात तथ्य आहे का? ही भीती जुनी आहे. २०१० पासून काही अमेरिकी प्रकाशकांनी 'ऑनलाइन पास' आणला होता. नव्या डब्यात एकदाच चालणारा कोड असायचा, आणि जुनी डिस्क घेणाऱ्याला इंटरनेटवर खेळायचं तर वेगळे पैसे भरावे लागायचे. तुमच्या डब्यातली चिठ्ठी त्याच जातकुळीतली. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केला. पुढच्या काही दिवसांत कळलं की यंत्राला चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल आणि डिस्क पुढे विकता येईल की नाही हे प्रकाशक ठरवतील. १० जूनला सोनीने आपल्या पीएस फोरवर (प्लेस्टेशन ४ कन्सोलवर) जुन्या गेमना आडकाठी नसेल असं जाहीर केलं, तेव्हा कार्यक्रमाच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. ती माघार गिऱ्हाइकांच्या संतापामुळे झाली, एकाही न्यायालयाने सांगितलं म्हणून नव्हे.

मला टोचतं ते नेमकं हेच. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००२ मध्ये गेमला सिनेमासारखी कलाकृती मानूनही पहिल्या विक्रीबरोबर वितरणाचा हक्क संपतो असं म्हटलं आणि तिथला जुन्या गेमचा बाजार वाचला. पण डाउनलोड केलेल्या गेमचा प्रश्न फ्रान्समध्ये गेला तेव्हा निकाल उलटा लागला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम पुढे विकू द्या ही ग्राहक संघटनेची मागणी पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केली, २०२२ मध्ये अपिलात ती फेटाळली गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही नकारच कायम ठेवला. म्हणजे विकण्याचा हक्क डिस्कला आहे, डाउनलोडला नाही. आणि डिस्कच कमी होत चालली आहे. पीएस फाइव्ह प्रोला डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. निन्टेन्डोच्या स्विच २ साठी येणाऱ्या काही कार्डांत गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड दुसऱ्याला देता येतं, पण गेम कंपनीच्या सर्व्हरवरूनच उतरवावा लागतो. सर्व्हर बंद झाला की किल्ली हातात, दार मात्र नाही.

कन्सोलने जुनी डिस्क अडवू नये, असं माझं ठाम मत आहे. चार-पाच हजारांचा नवा गेम ज्या घराला परवडत नाही, त्या घरातलं पोर तुमच्या कपाटापाशी येतं. डिस्क विकायची आणि ती विकत घेणाऱ्याच्या हक्काला यंत्राच्या आतून कुलूप घालायचं, हे मला डिस्कच्या मालकाच्या खिशात हात घालण्यासारखं वाटतं. पण यंत्राने जुनी डिस्क स्वीकारलीच पाहिजे अशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. जुनी डिस्क अडवणाऱ्या अटीला मात्र २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली 'अनुचित करार' म्हणून आव्हान देता येईल. त्यासाठी जिल्हा आयोगात नव्हे, राज्य आयोगात जावं लागतं. कुणी ग्राहक संघटनेने ते करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. आज तुमच्यापुरतं सांगायचं तर डिस्क ड्राइव्ह असलेल्या कन्सोलवर जुन्या डिस्क चालतात, आणि पीएस फाइव्हवर पीएस फोरच्याही बहुतेक चालतात. गिऱ्हाइकाकडे कोणतं मॉडेल आहे ते विचारूनच विका.

नोटिशीचं उत्तर मुदतीत जाऊ द्या, नोंदणीकृत टपालाने. त्यात लिहा : डिस्क अस्सल आहे, कोड वापरलेला असल्याची माहिती नव्हती, फसवणुकीचा आरोप नाकबूल, मात्र डिस्क परत मिळताच २,२०० रुपये देण्यास तयार आहे, किंवा डिस्क ठेवायची असेल तर जादा भागाचे १,५०० रुपये देतो. २५,००० ची मागणी फेटाळा, तिला आधार नाही. तो तयार झाला तर पैसे यूपीआयने द्या आणि 'तक्रार मिटली' असं त्याच्या सहीने लिहून घ्या. ही डिस्क तुम्हाला कुणी विकली, कधी, कितीला, ते आठवून आजच कागदावर उतरवा. यापुढे डिस्क विकायला येणाऱ्याचं ओळखपत्र पाहून वहीत नोंद करा, म्हणजे चोरीचा मालही गळ्यात पडणार नाही. आणि कपाटातल्या प्रत्येक डब्यातली कोडची चिठ्ठी काढून टाका, वर ठळक लिहा : 'फक्त डिस्क. कोड व जादा भाग मिळणार नाही.' तेच वाक्य पावतीवर, जिथे आधी शिक्का मारत होतात त्या जागी.