'बेचिराख'मध्ये राख आहे का?

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय. मुलीने इतिहासाच्या निबंधात 'मोहेंजोदडो बेचिराख झाले' असं लिहिलं आणि बाईंनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. म्हणाल्या, ते शहर कुणी जाळलंच नव्हतं, मग राख कुठली?

बाईंचा इतिहास पक्का आहे, पण शब्दाने त्यांना चकवलं. 'बेचिराख'मध्ये राख नाहीच. फोड करायची ती बे + चिराख अशी. 'बे' म्हणजे बेघर, बेइमानमधला, आणि चिराख म्हणजे फारसी चिराग, दिवा. तिन्हीसांजेला जिथे एकही दिवा लागत नाही ते बेचिराख.

आमचे आजोबा तलाठी होते. त्यांच्या तोंडी हा शब्द अगदी थंडपणे यायचा. गावाला नाव आहे, शीव आहे, सारा वसूल होतोय, पण राहतं घर एकही नाही. असं गाव 'बेचिराख'. पाणी आटलं, नाहीतर पटकी आली, माणसं शेजारच्या गावात जाऊन राहिली, एवढंच. लहानपणी मला मात्र वाटायचं, एवढी गावं जळाली तरी कशी!

मोहेंजोदडोचंही तसंच. इ.स.पू. 1900 च्या सुमारास पाऊसमान घटलं, नद्यांचे प्रवाह बदलले, सिंधूकाठची मोठी शहरं हळूहळू रिकामी झाली. म्हणजे मुलीचा शब्द चपखल बसला. इ.स.पू. 330 मध्ये सिकंदराच्या फौजेने इराणची जुनी राजधानी पर्सिपोलिस जाळलं, 1565 च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगर लुटून पेटवलं. तिथे दिवाही गेला आणि राखही झाली. अशाच प्रसंगांत शब्द वापरून वापरून आपल्या कानाला त्यातली राख ऐकू यायला लागली असणार. आता बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झालं असं सर्रास लिहितात, त्याला माझी हरकत नाही. 'आगीत दुकान बेचिराख' मात्र खटकतं. दुकान जळून खाक होतं. बेचिराख व्हायला गाव लागतं, मुलूख लागतो.

गंमत अशी की राख साठते ती नांदत्या गावात. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती मिसळून वस्तीची जमीन फिकट होते, म्हणून गावठाण ती 'पांढर' आणि शेत ते 'काळी'. आपल्या कोल्हापुरातली पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी टेकडी घ्या. 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षितांनी ती खणली तेव्हा सातवाहनकाळातली विटांची घरं निघाली. तिथलीच पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभरसुद्धा नसलेली कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. रोमन जगाशी व्यापार होता त्या काळातली. ते शहर विझलं, आणि पुढे बहामनी काळात त्याच टेकडीवर लोक राहत होते.

ताई, मुलीचा कापलेला अर्धा गुण तेवढा मागून घ्या.