कोकणातल्या प्रत्येक घरातला एक माणूस मुंबईच्या गिरणीत होता म्हणतात, मग गिरण्या कोकणातच का नाही निघाल्या?

प्रत्येक घरातला नसेल पण आमच्या वाडीपुरतं विचाराल तर खरंच आहे. मी मालवण तालुक्यातला, आजोबा लालबागला गिरणीत साचेवाले (मागावर कापड विणणारे) होते.

गिरण्या इथे का नाही, तर कापूस कुठे पिकतो आमच्याकडे? रेल्वे आली 1998 ला, त्याआधी आगबोट आणि ती पण पावसाळ्यात बंद. मुंबईत मात्र 1854 मध्ये कावसजी दावर यांनी कंपनी काढली, 1856 ला ताडदेवची गिरणी चालू झाली, मग एकामागून एक उभ्याच राहिल्या आणि त्यांना माणसं हवी होती. इकडे डोंगरउतारावरचं एकपिकी भात, त्यातलं खोताला (गावच्या जमीनदाराला) द्यायचं, उरलेलं वर्षभर पुरायचं नाही. म्हणून मग "झिलाक (मुलाला) गिरणीत लावलंय" हे लोक अभिमानाने सांगायचे. (आमच्याकडे नुसतं गिरण म्हटलं की भाताची गिरण, ही गिरणी म्हणजे मुंबैची!)

आता ही माणसं मुंबईत राहायची कुठे? माझ्या मते त्यांची खरी वस्ती गावकीच्या रूममध्ये होती. गावाने मिळून चाळीत एक खोली भाड्याने घ्यायची, आमच्या गावाची डिलाईल रोडला होती, एवढीशी खोली आणि वीसपंचवीस माणसं, पण पाळ्या वेगवेगळ्या त्यामुळे एक उठून कामावर गेला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला येऊन आडवा व्हायचा. प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी, बस. जेवण खानावळीत, त्या खानावळी चालवणाऱ्या बाया पण बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या, पगार झाला की महिन्याचा हिशोब. याच बायकांची पुढे 1975 ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. गावाहून नवा पोरगा आला की रूमवालेच जॉबरकडे (गिरणीत माणसं लावणारा मुकादम) शब्द टाकून त्याला बदलीत, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, चिकटवायचे. आणि देवळाचं छप्पर, शाळेची खोली, विहिरीचा कठडा, सगळ्याची वर्गणी त्याच रूमवर जमायची, म्हणजे गाव चालायचं डिलाईल रोडवरून असं म्हटलं तरी चालेल.

इकडे शेती, गुरं, सासूसासरे सगळं आजीने एकटीने बघितलं. मनीऑर्डरच्या कुपनवर दोन ओळी लिहायला जागा असायची तेवढाच काय तो संवाद, त्यात पण अर्धी जागा "पैशे जपून वापर" मध्ये जायची.

मग 18 जानेवारी 1982. कामगारनेते दत्ता सामंतांचा गिरणी संप, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. पहिले दोन महिने लोक सुट्टीवर आल्यासारखे गावी आले, शिमगा जोरात झाला म्हणतात. पुढे गणपती पण आले नि गेले तरी भोंगा काही वाजेना. आजोबा लोकांच्या आंब्याच्या बागेत मजुरीला जायला लागले, ज्या माणसाला चाकरमानी म्हणून ओटीवर खुर्ची मिळायची तो. त्यांना परत घेतलं नाही, हिशोबाचे पैसे पण कित्येक वर्षांनी मिळाले.

रूम मात्र अजून आहे, भाडं गावचं मंडळच भरतं. गेल्या वर्षी इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा चार रात्री तिथेच झोपलो. खुंटी नाही मिळाली, सगळ्यांवर कुणाकुणाचे लॅपटॉपचे चार्जर.