जुन्या टीव्ही गेमवर राग वाजवता येतो का, की नुसतं पीं-पीं?

येतो. भूप राग मी स्वतः वाजवलाय, तोही पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेल्या एका जुन्या टीव्ही गेमवर. तुम्ही विचारलंय की माळ्यावरच्या गेमपासून सुरुवात करू की ५५५ आयसीचं, म्हणजे टायमर चिपचं, सर्किट जोडू, आणि जाता जाता "की हे नुसतं पीं-पीं?" असंही लिहिलंय. खरं सांगायचं तर त्या पीं-पींमुळेच उत्तर लिहायला बसलो. हाच शब्द माझे मामा वापरतात.

मामा मिरजेला पेटी शिकवतात. मी भूपाची आलापी ट्रॅकरमध्ये, म्हणजे अशा चिपसाठी गाणं लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मांडून ती खऱ्या गेमवर त्यांना ऐकवली, तेव्हा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पंचमाच्या पुढं दर वेळी काहीतरी टक् करतंय बघ. या डबड्यात मींड नाही, नुसतं पीं-पीं आहे." टक् होत होतं, हे खरं. पण त्यावरून डबड्यात मींडच नाही असं ठरत नाही, आणि आमचं तिथूनच वाजलं.

कारण असं. हे गेम म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमचे क्लोन, नकला. त्यांच्या चिपमधल्या पल्स चॅनेलचा, म्हणजे चौकोनी लाटेच्या आवाजाचा, स्वर अकरा बिटांच्या आकड्यावर ठरतो. खालचे आठ बिट एका रजिस्टरमध्ये (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा), वरचे तीन दुसऱ्यात. मींड घ्यायची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं, तर हा आकडा थोडा थोडा सरकवायचा. खालचे बिट सरकवले तर काही बिघडत नाही, पण वरच्या रजिस्टरमध्ये काहीही लिहिलं की लाट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तेच ते टक्. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवाल्या क्लोनवर वरचे बिट बदलावेच लागतात ती हद्द साधारण ४३१ हर्ट्झला येते, आणि तिच्याखाली पुढची २१६ ला. मी सा धरला होता काळी एक, पेटीची पहिली काळी पट्टी. म्हणजे पंचम ४१५, धैवत ४६६. हद्द बरोब्बर दोघांच्या मधे!

मग सा काळी पाचला नेला, खालच्या सप्तकातल्या, २३३ हर्ट्झ. आता सा २१६ च्या वर आणि धैवत ३९२ ला, त्यामुळे सा ते ध सगळा रस्ता मोकळा. भूपात निषाद नाहीच. उरली तार सा वरून धैवतावर उतरणारी मींड, आणि तिच्याशिवाय भूप कसला. ती चिपच्या दुसऱ्या, त्रिकोणी लाटेच्या ट्रँगल चॅनेलवर टाकली. त्याची लाट अशी पहिल्यापासून सुरू होत नाही, मींड लोण्यासारखी उतरते. फक्त ट्रँगलला आवाज लहान-मोठा करता येत नाही, एक तर चालू नाहीतर बंद. त्यामुळे तिथे पल्सचा आवाज बारीक ठेवायचा, म्हणजे उडी जाणवत नाही.

मामांनी परत ऐकलं. टक् गेलं हे कबूल केलं. मग म्हणाले, "पण यंत्र ते यंत्रच."

आता हे पेटीवाल्या माणसानं म्हणावं? पेटीत तर मींड मुळातच निघत नाही, आणि याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. पेटीवाल्यांनी इतकी वर्षं जे ऐकून घेतलं, तेच आता आम्हाला ऐकवतात. शिवाय मामांच्या रियाजाला कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावलेला असतो, तोही मिरजेत, जिथं तानपुरे बनतात! हे बोललो तर म्हणाले, "तो विषय वेगळा."

असो. तुमचा गेम. मागचे स्क्रू काढून आधी बोर्ड बघा. यूए६५२७ नंबरची चाळीस पायांची लांब आयसी दिसली तर नशीब. ती तैवानच्या यूएमसी कंपनीची. घंटीतली तीन पायांची यूएम६६ सुद्धा त्यांचीच. आयसीऐवजी काळा डांबरासारखा गोळा असेल तरी वाजेल, पण आवाजाची खात्री नाही. गाणं लॅपटॉपवर फॅमिट्रॅकरमध्ये करा, फुकट आहे. त्याच्या सेटिंगमध्ये मशीन एनटीएससी (६० हर्ट्झची टीव्ही पद्धत) ठेवा आणि इंजिन स्पीड ५०, नाहीतर लॅपटॉपवर जमलेली लय गेमवर एक षष्ठांश मंदावते. स्वरही तिथे किंचित उतरतो. आणि त्या यूएमसीच्या चिपमध्ये २५ आणि ५० टक्के ड्यूटीची (लाट किती वेळ वर राहते ते प्रमाण, त्यावर आवाजाचा पोत ठरतो) अदलाबदल आहे, त्यामुळे पातळ केलेला आवाज खऱ्या मशीनवर जाड ऐकू आला तर घाबरू नका, ट्रॅकरमध्येच उलटं लिहा. शेवटी ३२ किलोबाइटचा रॉम, म्हणजे गाण्याची फाइल, काढून २७सी२५६ या मेमरी चिपमध्ये बर्न करायचा आणि जुन्या कार्ट्रिजच्या बोर्डावर पाय जुळवून बसवायचा. ते किचकट वाटलं तर फ्लॅश कार्ट्रिज (फाइल थेट टाकता येते ते) घ्या, महाग पडेल. तबल्यासाठी सॅम्पल चॅनेल आहे, त्यात रेकॉर्ड केलेला आवाज वाजतो, सर्वांत वरच्या वेगात एका बोलाला जेमतेम सेकंदभर जागा मिळते. 'धा'ला पुरते.

५५५ चं म्हणाल तर रागासाठी नको. फॉरेस्ट मिम्सचं १९८० चं सर्किट, ज्याला आता अटारी पंक कन्सोल म्हणतात, ते जरूर जोडा, दोन ५५५ किंवा एक ५५६, दोन पॉट (फिरवायची बटणं), एक संध्याकाळ. मजा येते. पण त्यात पहिला टायमर दुसऱ्याला ढकलतो, त्यामुळे स्वर पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारतो. सरगम त्यातून निघणार नाही. षड्ज धरायला काही हवं असेल तर सीडी४०१०६ नावाची आयसी घ्या, तिच्यात सहा ऑसिलेटर, म्हणजे सतत स्वर काढणारी सर्किटं, होतात. बॅटरी उतरली की तेही बेसूर, हे धरून चाला.

हो, एक राहिलं. गेमचा जुना ॲडॅप्टर उघडू नका, आत २३० व्होल्ट आहेत. जुन्याच्या आउटपुटइतक्याच व्होल्टेजचा नवा आणा आणि पिनचं प्लस-मायनस मीटरनं तपासूनच लावा.

आणि घरात कुणी पेटीवाले असतील तर सा कुठं धरू हे त्यांना विचारत बसू नका. ते काळी एकच सांगणार.