शेल स्क्रिप्टिंग जमतंय, पण यावर नोकरी मिळेल का?

बाकीच्यांनाही कळावं म्हणून पत्रात काय आहे ते आधी थोडक्यात सांगते. ही मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका कंपनीत इंटर्नशिप करतेय. काम काय, तर रोज सकाळी सर्व्हरवरच्या लॉग फाइल्समधून (म्हणजे तिथे काय घडलं त्याच्या नोंदींमधून) कालच्या तारखेच्या ओळी काढायच्या, एरर मोजायचे आणि रिपोर्ट मेल करायचा. आधी हे सगळं हातानेच चालायचं, हिने ग्रेप (हव्या त्या ओळी शोधणारी कमांड), ऑक (ओळीचे कॉलम तोडून मोजणी करणारी) आणि डेट (तारीख देणारी) वापरून बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सला कमांड देतात त्या शेलमध्ये, स्क्रिप्ट लिहिली आणि आता ते आपोआप होतं. तिला यात मजा येतेय, पण घरचे म्हणतात जावा शीक, मित्र म्हणतात हे जुनंपुराणं झालं, आणि कुणीतरी वरून ऐकवलंय की असल्या स्क्रिप्ट आता एआय लिहून देतं, तू कशाला डोकं लावतेस. तर यात करिअर आहे की मी वेळ घालवतेय, असा तिचा प्रश्न आहे.

सरळ उत्तर देते. ‘ऑक डेव्हलपर’ नावाची पोस्ट कुठे निघत नाही, त्यामुळे नुसतं एवढंच घेऊन नोकरी शोधायला निघालीस तर हाती फारसं लागायचं नाही. पण प्रॉडक्शन सपोर्ट, लिनक्स अ‍ॅडमिन, डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणं आणि चालतं ठेवणं), डेटा इंजिनिअरिंग, अगदी बायोइन्फॉरमॅटिक्स (जीवशास्त्राच्या डेटाचं काम), या कामांत हे रोज लागतं आणि गंमत म्हणजे जाहिरातीत ते शेवटच्या ओळीत कुठेतरी लिहिलेलं असतं. जुनं म्हणशील तर आहेच, ग्रेप 1973 चं आणि ऑक 1977 चं, दोन्ही अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतली. पण ऑक बनवणाऱ्या तिघांपैकी एक, ब्रायन कर्निघन, यांनी 2022 मध्ये स्वतः बसून त्यात युनिकोडचा (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचाही) सपोर्ट घातला आणि 2023 मध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली फाइल) वाचायची सोय आली. मेलेल्या टूलवर कुणी एवढी मेहनत घेत नाही, मित्रांना सांग.

आता एआयचं. कमांड ते लिहून देईल, तुझ्या-माझ्यापेक्षा पटकन देईल, त्यात वाद नाही. पण तुझ्या फाइलमधलं 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे त्याला तू सांगितल्याशिवाय कसं कळणार? सर्व्हरची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की लोकल, मशीन लिनक्स आहे की मॅक (डेटची कमांड दोन्हीकडे वेगळी चालते, लिनक्सवर मायनस-डी देऊन ‘यस्टर्डे’ लिहिलं की झालं, मॅकवर मायनस-व्ही लागतं), हे बघणारं माणूस लागतंच. आणि तारखांच्या स्क्रिप्टचा खरा त्रास असा की ती आज बरोबर चालते, उद्याही चालते आणि चार महिन्यांनी एका सकाळी तोंडावर आपटते.

एक उदाहरण नीट बघ, कारण हे तुझ्याच स्क्रिप्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. समजा डेटकडून महिन्याचा आकडा घेतलास आणि बॅशमध्येच त्यात एक मिळवलास. जानेवारीत 01 येतं, जुलैत 07 येतं, सगळं छान. एक ऑगस्टला 08 येतं आणि स्क्रिप्ट एरर देऊन बसते, कारण बॅश शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे फक्त 0 ते 7 अंक असलेल्या पद्धतीतला, समजतं आणि ऑक्टलमध्ये आठ नसतोच. सप्टेंबरमध्ये 09, तेच रडगाणं. मग ऑक्टोबर उजाडला की 10 येतं आणि आपोआप सगळं सुरळीत, आणि टीममधले म्हणतात सर्व्हरला काहीतरी झालं असेल. उपाय एवढासा आहे, आकड्याच्या आधी दहा आणि हॅश लावायचा, म्हणजे बॅश तो दशमानच धरतं. पण ते दोन महिनेच का बिघडलं होतं हे ज्याला सांगता येतं त्याला इंटरव्ह्यू घेणारे सोडत नाहीत.

असंच ‘मागचा महिना’. 31 मार्चला लिनक्सच्या डेटला एक महिना मागे जा म्हटलं की ते फेब्रुवारी 31 काढतं, तशी तारीख नाही म्हणून पुढे सरकतं आणि 3 मार्च देतं (लीप वर्षात 2 मार्च), म्हणजे फेब्रुवारीचा रिपोर्ट मागितला आणि मार्चचा आला, तोही एरर न देता. म्हणून आधी महिन्याची 15 तारीख धरायची आणि मग मागे जायचं, हे त्या कमांडच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय, पण मॅन्युअल वाचतो कोण. किंवा डेटच्या फॉरमॅटमध्ये वर्षासाठी कॅपिटल-वायच्या जागी कॅपिटल-जी टाकणं, ते आठवड्यांच्या हिशोबाचं वर्ष असतं, वर्षभर दोन्ही बहुतेक सारखीच दिसतात आणि 29 डिसेंबर 2025 ला अचानक 2026 छापून मोकळं होतं. आणि क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारं टूल! हाताने चालवली तर चालते, क्रॉनमध्ये टाकली की नाही, यावर लोक डोकं आपटून घेतात, तर क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ असा अर्थ होतो, आणि डेटचा फॉरमॅट तर टक्क्यांनीच भरलेला. प्रत्येक टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो, किंवा सरळ सगळं वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवावं, मला दुसरं जास्त पटतं.

मजकुराच्या बाजूचं थोडक्यात सांगते. ऑकला स्वल्पविरामावर तोडायला सांगून सीएसव्ही वाचतेस ना, मग एखाद्या पत्त्यात अवतरणचिन्हांच्या आत स्वल्पविराम आला की पुढचे सगळे कॉलम एकाने सरकतात. आणि देवनागरी मजकुरावर लांबी मोजून बघ, लोकेल (सिस्टिमचं भाषेचं सेटिंग) सी असेल तर ‘मराठी’ची लांबी 15 येते कारण ते बाइट मोजतं, यूटीएफ-8 असेल तर 5, कारण तिथे अक्षरं आणि त्यांच्या मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, तुला कुठलं हवंय ते तू ठरवायचं.

तर कर काय? जावा की पायथन या भांडणात पडू नकोस, पायथन घे, कारण तू ज्या कामाकडे चालली आहेस तिथे पुढची पायरी तीच आहे. माझा साधा ठोकताळा असा की तारखांची वजाबाकी, टाइमझोन किंवा अवतरणवाली सीएसव्ही आली की बॅश सोडायचं आणि पायथनमध्ये जायचं, आणि शोध, गाळणी, मोजणी एवढंच असेल तर ग्रेप आणि ऑकला तोड नाही. घरच्यांना सांग की जावा वाया जाणार नाही पण आत्ता नको. यासोबत लिनक्सचं बेसिक पक्कं कर, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) शीक, थोडं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा). सर्टिफिकेटच्या मागे लगेच धावायची गरज नाही.

रिझ्युमेची कॉपी पाठवलीस ते बरं केलंस. त्यात ‘शेल स्क्रिप्टिंग – एक्स्पर्ट’ लिहिलंयस ते आधी काढ, एक्स्पर्ट वाचलं की समोरचा मुद्दाम अवघड विचारतो. त्याऐवजी काय काम होतं, किती फाइल्स असायच्या आणि स्क्रिप्टमुळे नेमका किती वेळ आणि मेहनत वाचली ते दोन ओळींत लिही. इंटर्नशिपला अजून महिनाभर आहे म्हणतेस, तेवढ्यात स्क्रिप्टला आजची तारीख बाहेरून देता येईल अशी सोय कर, म्हणजे 29 फेब्रुवारी, 31 मार्च, 1 ऑगस्ट, 31 डिसेंबर अशा तारखा घालून बघता येईल आणि काय फुटतं ते वहीत लिहून ठेव, इंटरव्ह्यूला तेच बोलायचंय. आणि हे गिटहबवर टाकणार असशील तर मॅनेजरला आधी विचार आणि लॉग मात्र खोटे, स्वतः बनवलेले टाक, कंपनीच्या खऱ्या लॉगमध्ये लोकांचे ईमेल आणि आयपी अ‍ॅड्रेस असतात.