नागिणीचं तोंड, पुडीतलं औषध आणि तुमचे इतर प्रश्न

मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. वेदनेचा निरोप एका चेतापेशीकडून दुसरीकडे कसा जातो, यावर बावीस वर्षं संशोधन करते आहे. नागपुरात कुठेही बोलायला गेलं की चिठ्ठ्या येतात आणि त्यांत फिरून फिरून तेच गैरसमज असतात. म्हणून ही उत्तरं.

डोकं दुखतं म्हणजे मेंदूच दुखतो ना? (महाल)

नाही, मेंदूत वेदना टिपणारी टोकंच नाहीत. दुखतात ती त्याची आवरणं, रक्तवाहिन्या आणि स्नायू. पण आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू झाली, तर तडक रुग्णालय गाठा.

आईला (वय ६४) कालपासून कमरेवर नागीण उठली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, आधी उतरवून घ्या. उतरवणारे शनिवारी येणार आहेत. (नंदनवन)

शनिवारची वाट पाहू नका. आईंना आजच डॉक्टरांकडे न्या.

नागिणीला तोंडही नसतं आणि शेपूटही. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू मणक्याजवळच्या चेतापेशींच्या गाठीत दडून बसतो. पुढे प्रतिकारशक्ती उतरली की तो जागा होतो आणि त्याच गाठीच्या मज्जातंतूवरून कातडीपर्यंत येतो. प्रत्येक गाठ शरीराची एकच बाजू सांभाळते, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेशी थांबतो. उतरवणारा त्याचं श्रेय घेतो, याचा मला मनापासून राग येतो. कारण विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात उपयोगी पडतात, आणि आपल्याकडे ते तीन दिवस काव लावण्यात जातात.

फोड सुकतात, पण मज्जातंतूला झालेली इजा राहू शकते. प्रयोगशाळेत आम्ही मज्जारज्जूचा पातळ काप प्राणवायूचे बुडबुडे सोडलेल्या द्रावात जिवंत ठेवतो आणि एकेका पेशीला काचेची बारीक नळी लावतो. पेशीचे ठोके स्पीकरवर ऐकू येतात. शांत पेशी अधूनमधून ‘टक्’ करते. चेकाळलेली पेशी फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडते. इजा झालेल्या तंतूकडून ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सतत येत राहिलं की पुढच्या पेशीच्या दारातला मॅग्नेशियमचा अडसर निघतो, कॅल्शियम आत शिरतं आणि ती हळवी होऊन बसते. मग अंगावरच्या सुती झग्याचा स्पर्शही आगीसारखा लागतो. वय जास्त, तितका हा धोका जास्त. गोळ्या घेतल्या म्हणजे दुखणं रेंगाळणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण वेळ घालवून हाती काहीच लागत नाही.

पुरळ कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टरही गाठा. पन्नाशीनंतर घ्यायची लस आता भारतात मिळते. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मधुमेहामुळे पाय जळतात. डॉक्टरांनी गॅबापेंटिन दिलं, ती तर फिटची गोळी निघाली! (इतवारी)

डॉक्टर चुकलेले नाहीत. नावात ‘गाबा’ (चेतापेशींना शांत करणारं मेंदूतलं रसायन) असलं तरी ती गाबाच्या ग्राहकाला, म्हणजे ते रसायन टिपणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला, चिकटत नाही. चेतापेशीच्या कॅल्शियमच्या दाराचा एक भाग धरते, त्यामुळे वेदनेचा निरोप देणारं रसायन कमी सुटतं. मनानं बंद करू नका.

गुडघ्यासाठी एकाकडून पुड्या आणतो. चार दिवसांत फरक पडला. चालू ठेवू का? (हिंगणा)

पुडीवर घटक लिहिले आहेत का? नसतील तर ‘शुद्ध जडीबुटी’ या शब्दांना काही किंमत नाही. अशा पुड्यांत कुटलेलं स्टेरॉइड अनेकदा सापडलं आहे. गुडघा हलका होतो, आणि इकडे चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम सोडणंही धोक्याचं. उरलेली पुडी खिशात घाला आणि डॉक्टरांना दाखवा.

बीएस्सी करते आहे. वेदनेवर संशोधन करायचं तर डॉक्टरच व्हावं लागतं का? (धरमपेठ)

नाही. मिरचीतल्या कॅप्सायसिनचा ग्राहक १९९७ मध्ये शोधणाऱ्या गटाचे प्रमुख डेव्हिड ज्युलियसही वैद्यकीय डॉक्टर नाहीत. तोच ग्राहक साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही उघडतो, म्हणून भिवापुरी मिरचीनं जीभ ‘भाजते’. या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. आपल्याकडे मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथे मेंदूविज्ञानात पीएचडी करता येते. पण आधी एक उन्हाळा एखाद्या प्रयोगशाळेत काढ. सकाळपासून दहा काप करायचे आणि संध्याकाळपर्यंत एकाही पेशीनं दाद द्यायची नाही, असे दिवस येतात. ते सोसवतात का, बघ. अर्जाआधी तुझ्या विभागातल्या प्राध्यापकांशी बोल, शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्यावं लागेल.